मुका पाला

भादव्याचं ऊन पाठीवर घेऊन जिवनबाई हिंगोलीच्या सडकेला खडी फोडत होती, आणि तिच्या पाठीमागं साखरा गावाच्या शिवारात बायका निंदायला लागल्या होत्या. त्यांच्या गाण्याची एखादी ओळ वाऱ्यावर इकडं यायची. ओळ कानाशी आली की जिवनबाईचा हातोडा जरा जास्तच जोरात पडायचा. डाव्या हाताच्या बोटांना गुंडाळलेल्या चिंध्यांतून रगत पाझरून वाळलं होतं, आणि दगडाची कपची उडाली की ती डोळे न मिटता नुसती मान वळवायची.

शेजारी तिचा नवरा रतनसिंग मोठाले दगड लोटून तिच्यापुढं आणत होता. त्याचा उजवा खांदा कामातून गेला होता, हातोडा उचलवत नव्हता.

"यंदाबी निंदायला बलावलं न्हाई आपल्याला," तो म्हणाला.

"चोराला वावरात कोन घेतंय?" ती म्हणाली, आणि पुढचा दगड पायात धरला.

एक काळ असा होता की निंदणीचं पहिलं बोलावणं तांड्यावर जिवनबाईला यायचं. नुसतं कामाचंच नव्हे. गावातल्या पोरींच्या डोक्यात उवा झाल्या की आया म्हणायच्या, जिवनबाईला बलवा. ती माळावरनं सीताफळीचा पाला आणायची, वाटून डोक्याला थापायची, वर फडकं बांधून पोरीला उन्हात बसवायची, आणि डोळ्यांत ओघळ जाऊ नये म्हणून कपाळाशी आपला तळहात धरून ठेवायची. बाजेत ढेकूण झाले तर पाला अंथरुणाखाली. ज्वारीला सोंडे लागले तर कणगीत थराथरानं. लेकराला हगवण लागली तर पेरूच्या पानांचा काढा. गावच्या संतराम पाटलाच्या घरच्या माहेरवाशिणीसुद्धा तिच्यापुढं केस सोडून बसलेल्या होत्या.

आणि कीर्तन. कीर्तन म्हणजे तिचा जीव. मारुतीच्या देवळात सप्ता बसला की तांड्यावरची ती एकटी बाई रोज यायची, पायरीखाली कडेला बसायची. बुवांनी अभंगाची फोड सुरू केली की तिला निम्मं कळायचं नाही, पण ठेका कधी चुकला नाही. कथा लागली की रडायची, आणि रडता रडता टाळी धरायची. देवाला अशीच माणसं लागतात, पुढं बसणाऱ्यांचं तो मागाहून बघतो.

हे सगळं एका दिवसात गेलं. त्या दिवसाची गोष्ट अशी.

लढाईचे दिवस होते. तेल मिळेना म्हणून मोटारी कोळशावर चालायच्या, आणि त्या कोळशासाठी ठेकेदाराच्या माणसांनी माळावरची झुडपं मुळासकट खणून नेली होती. सीताफळी म्हणाल तर फक्त संतराम पाटलाच्या बांधावर उरल्या. अशात रतनसिंगच्या पोवळ्या बैलाचा खांदा जोखडानं सोलला, माशी बसली आणि जखमेत किडे पडले. बैल मान फिरवून खांदा चाटायला बघायचा आणि जीभ पोचत नाही म्हणून कण्हायचा.

गावात औषधाचा पाला मागून आणतात. तांड्यात तसं नाही. उवा-ढेकणांचा पाला कसाही तोडा, पण जिथं रगत वाहतं आहे, जिवाशी गाठ आहे, तिथला पाला मुक्यानं आणायचा. पहिलं पान तुटलं की तोंड बंद. तोडताना, वाटताना, बांधताना, शेवटची गाठ पडेपर्यंत शब्द काढायचा नाही. काढला तर पाला मेला, आणि ज्याच्या तोंडून शब्द गेला त्याच्या हातानं त्या जनावराला परत गुण येत नाही. जिवनबाईच्या आईनं, आजीनं असंच केलेलं.

ती पहाटे बांधावर गेली आणि ओढणीत पाला भरताना संतरामनं तिला धरलं.

त्यानं विचारलं, कोणाचं वावर हाय हे. ती गप्प. ओढणीत काय हाय. गप्प. तोंड न्हाई व्हय बोलायला. तिनं हातानं खांदा दाखवला, बैलाची शिंगं करून दाखवली. त्याला वाटलं, चेष्टा करून राहिली. वावरात मिरची होती, तोडणीला आलेला मूग होता. त्यानं ओढणी हिसकून पाला बांधावर उलटा केला, पायानं उधळला, आणि उघड्या डोक्यानं तिला चावडीपुढं आणून उन्हात बसवलं. येणारा-जाणारा विचारायचा, काय चोरलं गं. ती तोंड मिटून. घसा कोरडा पडला, पाणी मागायलाही तोंड उघडलं नाही, कारण तिला वाटत होतं, सोडलं तर अजून पाला वेचून नेता येईल. दिवेलागणीला सोडलं तेव्हा ती तशीच बांधावर गेली. पाला गुरांनी तुडवून चिखल झाला होता, आणि झाडांपाशी पाटलाचा सालगडी काठी घेऊन बसला होता.

पोवळ्या गेला. दुसरा बैल एकटा काय ओढणार? रतनसिंगनं कोळप्याला त्याच्या जोडीनं आपला खांदा लावला. पाऊस सरेपर्यंत त्याचाही खांदा तसाच सोलून सुजला, पोवळ्याचा होता तसा, आणि तो हात मग वर गेलाच नाही.

जिवनबाईनं नंतर सांगितलं की औषध होतं. लोक हसले. चोरी नव्हती तर त्या दिवशी काहून नाही बोललीस? पुढच्या सप्त्यात ती पायरीखाली जाऊन बसली तर शेजारच्या बाईनं मांडीवरच्या लेकराच्या पायातले चांदीचे वाळे काढून कनवटीला लावले. काही बोलली नाही, नुसते काढून लावले. जिवनबाई टाळी अर्धी सोडून उठली ती देवळाकडं फिरकली नाही.

उन्हाळ्यात संतरामनं बांधावरच्या सीताफळीही कोळशाला विकल्या. न राहील पाला, न येतील चोर, असं तो पारावर म्हणाल्याचं तांड्यावर कळलं. त्या आधीच जिवनबाईनं घरामागं बिया टोकल्या होत्या. बाया पिण्याच्या पाण्याला भांडायच्या त्या दिवसांत तिनं डोक्यावर पाणी आणून ती रोपं जगवली. एक जगलं. तिसऱ्या पावसाळ्यात ते तिच्या डोक्याच्या वर गेलं. शेळ्याही तोंड लावत नाहीत असं झाड, पण तिनं त्याला काट्यांचं कुंपण केलं होतं. सांज झाली की देवळाच्या दिशेनं हात जोडून ती एकच मागायची: त्या संतरामच्या दावणीला माझी गरज पडू दे. देवाकडं काय मागावं याची रीत तिला ठाऊक होती. तरी हेच मागायची.

आणि गरज पडली.

यंदाच्या पोळ्याच्या दिवशी मिरवणुकीत बैलांची झुंज लागली आणि संतरामच्या बाशिंग्याच्या शिंगाच्या बुडाला खोक पडली. बाशिंग्या म्हणजे पंचक्रोशीत दाखवायचा बैल. पाटलानं चुना भरला, तंबाखू भरली, कडुलिंबाचं पाणी ओतलं. सप्ता संपत आला तरी जखमेतली वळवळ थांबेना. किडे आत आत शिरत होते. बैलांना नाल ठोकणारा कय्युम पत्र्या बदलायला आला होता. त्यानं वाकून वास घेतला आणि सांगून टाकलं की पाटील, हे डोळ्यात उतरणार, मग मेंदूत. सीताफळीचा पाला पाहिजे. आणि तो कुठं आहे ते तुम्हाला माहीत आहे.

काल्याच्या दिवशी सकाळी संतराम तांड्यावर आला. सोबत कय्युम. तांड्याचा नायक अमरसिंग पुढं झाला, बाज टाकू लागला. जिवनबाईनं हातानंच त्याला थांबवलं. पाटील उभा राहिला.

"जिवनबाई, पाला पाहिजे व्हता. बाशिंग्यानं चारा सोडला."

ती तव्यावरची भाकर उलटत होती. ती फुगेपर्यंत थांबली, मग बोलली.

"न्या. पन आमच्या रीतीनं न्या. सवताच्या हातानं तोडायचा. पयलं पान तुटलं की तोंड बंद. जखमेवर गाठ पडंपस्तोर. शब्द गेला तर पाला मेला, आन् तुमचा हात त्या बैलाला परत चालणार न्हाई. दुसऱ्याचा हात मी माह्या झाडाला लागू देणार न्हाई."

"एवढंच?"

"एवढंच."

संतरामला ते स्वस्त वाटलं. पायलीभर जोंधळा, लुगडं, काहीही मागितलं असतं तरी त्यानं दिलं असतं. तो कुंपणाआड शिरला, धोतराचा सोगा पुढं धरला आणि पहिलं पान तोडलं.

ते तुटल्याचा आवाज झाला आणि जिवनबाई उठून उभी राहिली. "या रे," तिनं तांड्याला हाक दिली, "माह्या घरामागं कोन शिरलंय पाहा."

माणसं जमली. ती कुंपणापाशी गेली, कमरेवर हात ठेवला आणि त्याचेच शब्द त्याच्याच सुरात एकेक करून परत दिले. कोनाचं वावर हाय हे? सोग्यात काय हाय? तोंड न्हाई व्हय बोलायला?

संतरामचा हात डहाळीवर थांबला. आत्ता त्याला कळलं. मान लाल झाली, ओठ हालले, पण बाशिंग्या आठवला असावा. त्यानं दात आवळले आणि तोडत राहिला. कय्युमनं तोंड फिरवून मिशीत हसू दाबलं.

पाला घेऊन तो निघाला. त्याच्या मागं जिवनबाई, तिच्या मागं सगळा तांडा. वाट देवळावरूनच जात होती. काल्याच्या कीर्तनाला गाव लोटलं होतं, बुवा उभे राहायच्या तयारीत, आणि वीणा घ्यायचा मान संतरामचा. लोकांनी हाका मारल्या, पाटील, या, तुमच्यापायी अडलंय. तो मान खाली घालून चालत राहिला. कोणी म्हणालं, सोग्यात काय हाय हो? कोणी म्हणालं, बोलत काहून न्हाई?

"चोरी केली त्यानं," जिवनबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "माह्या घरामागून. इचारा की. चोर नसंल तर बोलंल."

लोक आधी हसले, मग हसणं विरलं. बायकांना ती ओळ कुठं तरी ऐकल्यासारखी वाटली. वाट मोकळी होती, कोणी अडवलं नव्हतं. गोठा पाच-पन्नास पावलांवर, बाशिंग्याचं कण्हणं इथवर येत होतं. तोंड मिटून नुसतं चालत जायचं होतं. कय्युम हळूच म्हणाला, "चलो पाटील, चुपचाप चलो." पण गर्दीतून कोण्या टारगट माणसानं नुसत्या गमतीनं हाळी दिली, "पाटील चोर रे."

संतराम गर्रकन वळला.

"मी चोर न्हाई," तो ओरडला. "बैलाचं औषध हाय हे."

मग त्याचं त्यालाच ऐकू आलं. सोगा सुटला आणि पाला पायावर पडला.

जिवनबाई दिवसभर उन्हात बसली होती, तहानेली, उघड्या डोक्यानं. याला एक शब्द गिळून गोठ्यापर्यंत जाता आलं नाही.

"माहं बी औषधच व्हतं," ती म्हणाली. एवढंच. आवाजही चढवला नाही.

वाळे काढून कनवटीला लावणारी बाई पुढंच बसली होती, ती जमिनीकडं बघायला लागली. तेवढ्यात संतरामची बायको गोठ्याकडून धावत आली, बैलानं अंग टाकलं म्हणून रडायला लागली. संतरामनं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा जिवनबाईकडं. शेवटी म्हणाला, "व्हय. औषधच व्हतं."

जिवनबाई तांड्याकडं वळली.

तीन वर्षं जे मागितलं ते देवानं ओंजळभर दिलं होतं. तिनं ते चालता चालता मनात घोळवून पाहिलं, गोड लागलं. खरंच गोड लागलं. घराशी आल्यावर रतनसिंग म्हणाला, "बैलानं काय केलं गं आपलं?" आणि नकळत त्याचा डावा हात उजव्या खांद्यावर गेला.

"काय न्हाई केलं," ती म्हणाली. "म्हनून बैल मरू देत न्हाई. मालकाला सोडत न्हाई."

ती कुंपणात शिरली. पहिलं पान तोडलं. तोंड मिटलं.

ओढणीत पाला घेऊन ती परत गावात आली तेव्हा कीर्तन रंगात आलं होतं. बुवा काल्याच्या खेळात शिरले होते, गवळ्यांची पोरं, शिदोऱ्या, दह्याची बोटं. तिच्या पायांना ठेका लागला. आणि बायकांनी तिला पाहिलं. त्या वाळ्यांवाल्या बाईनंच आपलं बसकुर सरकवून जागा केली आणि म्हणाली, "ये जिवनबाई, बस. इथं बस माह्यापाशी."

या हाकेसाठी ती तीन वर्षं झुरली होती. आणि आता थांबता येत नव्हतं, हो म्हणता येत नव्हतं. हात ओढणीत गुंतलेले, त्यामुळं नमस्कारही करता आला नाही. डोळ्यांत पाणी आलं ते पुसायला हात मोकळा नव्हता, पाल्याचा हात डोळ्याला लावायचाही नव्हता. ती तशीच पुढं गेली. मागं बायका म्हणाल्या, अजून रागात हाय बाई. एक म्हातारी म्हणाली, गप गं, पाला हाय तिच्यापाशी.

गोठ्यात बाशिंग्या कुशीवर पडला होता. तिनं आपल्या ओढणीची पट्टी फाडून आधी त्याच्या डोळ्यावर बांधली, रस ओघळला तर डोळा जाऊ नये म्हणून. पाट्यावर पाला वाटला. उग्र वासानं गोठा भरला, माश्या उठून आढ्याला गेल्या. रस जखमेत पिळला तसे किडे वर यायला लागले, पांढरे, तांदळाएवढे, एकावर एक. तिनं बाभळीच्या काट्यानं ते काढले आणि राखेत टाकले. बैल थरथरला, पाय झाडला, तिच्या नडगीला लागलं. तिनं ओठ चावला. संतराम शेपटीपाशी हात जोडून उभा होता, चुकलं म्हणत होता, उद्यापासून निंदायला या म्हणत होता, रतनसिंगला बैल देतो म्हणत होता. ती ऐकत होती की नाही कळायला मार्ग नव्हता. लगदा बुडापर्यंत दाबून भरला, वर फडकं, फडक्यावर गाठ.

गाठ पडली. आता बोलता येत होतं.

"पाला रोज बदलावा लागंल," ती म्हणाली. "जखम भरंपस्तोर."

"मी घेऊन जाईन रोज."

"तुमचा हात चालत न्हाई आता. मीच आनीन. पन उद्या सेनगावचा बाजार हाय. आधी तुमी बाजारात उभं राहून सांगायचं, मग मी पाला तोडीन. जिवनबाईनं चोरी केली नव्हती, तिचा बैल माह्यापायी मेला. पुरतं सांगायचं. परवा चावडीपुढं, मला बसवलं तिथंच. तेरवा सडकेला, खडीवरच्या लोकांना."

संतरामच्या कपाळाची शीर फुगली. "देवळापुढं कबूल केलं ना मी. देवासमोर."

"देवाला पयलंच ठाऊक व्हतं, पाटील," जिवनबाई म्हणाली. "ज्यांला ठाऊक न्हाई त्यांला सांगा."

तिनं राखेनं हात घासून धुतले आणि देवळाकडं गेली. कीर्तन संपत आलं होतं. ती सरकवलेल्या जागी बसली नाही. पायरीखाली आपल्या जुन्या जागी बसली आणि ठेका धरला. त्या दिवशी ती रडली नाही. टाळी मात्र अशी वाजत होती की बुवांनीही एकदा वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ऊन कलायला लागलं तरी ती झाडापाशीच उभी होती. रतनसिंग म्हणाला, बैल उपाशी नि कण्हत असंल. ती म्हणाली, मालूम हाय. बाजाराच्या वाटेनं कय्युम आला, पत्र्यांची पिशवी खांद्याला, घामानं निथळत.

"बोलला," त्यानं लांबूनच सांगितलं. "बैलगाडीवर उभा राहून. पयले तोंडातल्या तोंडात बोलला. मिरच्यावाल्या बाया वरडल्या, मोठ्यानं बोला. मग बोलला."

"पुरतं?"

"पुरतं."

"पोवळ्याचं?"

कय्युमनं पिशवी खाली ठेवली. "व्हय. तिथं त्याचा आवाज बसला. पन बोलला. आता म्हणून राहिलाय, चावडीचं नि सडकेचं दोनी उद्याच्या उद्या उरकून टाकतो."

"उरकायला पेरणी हाय व्हय ती," जिवनबाई म्हणाली. "रोजचं रोज. जखमेच्या मापानं."

मग तिनं तोंड मिटलं, डहाळी खाली ओढली आणि पहिलं पान तोडलं.